घंगाळाला भोक न पाडता दिवा

"त्या घंगाळाक भोक पाडलंस तर बघ हां!" आई खळ्यातून ओरडली तेव्हा ड्रिलचं बिट घंगाळाच्या बुडापासून बोटभर अंतरावर होतं.

घंगाळ तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आजीचं. तोंड १४ इंच, दोन बाजूंना जाड कड्या, बुडावर तांबटाच्या हातोडीच्या खुणा. घरात गीझर आला आणि ते माळ्यावर गेलं, तिथेच वीस वर्षं पडून होतं. मी ड्रिल खाली ठेवलं आणि पायरीवर बसून विचार केला. भोक न पाडता याचा दिवा होईल का? झाला. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. धडक्या वस्तूला हात लावायचा तो असा, की उद्या कोणी परत मागितली तर दहा मिनिटांत होती तशी हातात देता आली पाहिजे. गळकी, फुटकी, पोचे आलेली असेल तर खुशाल ड्रिल चालवा.

मी मूळचा मोटर भरणारा, म्हणजे जळलेल्या मोटरीत तांब्याच्या तारेची वाइंडिंग नव्याने भरणारा. वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर माझं दुकान आहे. माडा-पोफळीच्या बागांचे पंप जळले की माझ्याकडे येतात. मिरग लागला की पंप बंद, ते थेट दसऱ्यापर्यंत. त्या रिकाम्या दिवसांत हे दिव्यांचं खूळ सुरू झालं. त्यामुळे माझ्या सांगण्यात वायर जास्त आणि नक्षी कमी असणार. नक्षी सांगणारे पुष्कळ आहेत.

आधी वस्तू. बाजारात जाण्यापूर्वी स्वतःचा माळा बघा, मग भंगारवाल्याकडे जा. भंगारवाला पितळ वजनावर घेतो आणि वितळवायला पाठवतो, त्याला ती कळशी आहे की पायली, काही फरक पडत नाही. त्याच्या ढिगात मी पहिल्यांदा बघतो ते भोक. ज्या वस्तूला कामापुरतं भोक आधीपासून आहे, ती दिव्यासाठी जन्मल्यासारखी. जात्याच्या वरच्या तळीला दाणे घालायचं भोक मधोमध असतंच. विहिरीच्या कप्पीला आसाचं भोक असतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा तर आरपार पोकळ.

जात्याचा दिवा सगळ्यात सोपा, म्हणून पहिला तोच करा. वरची तळी घ्या. तिचं भोक दीड-दोन इंचाचं असतं आणि आपला चुडीचा, म्हणजे आटे पाडलेला पोकळ पाइप १० मिलिमीटरचा, तेव्हा मधे लाकडाची गुल्ली हवी. फणसाचं लाकूड चांगलं. गुल्लीला आरपार १० मिलिमीटरचं भोक पाडायचं, पाइप घालून वर-खाली वायसर-नट आवळायचे आणि गुल्ली भोकात ठोकून बसवायची. गोंद नको, पातळ पाचर मारली तरी ती हलत नाही आणि काढायची झाली तर निघतेसुद्धा. तळीखाली लाकडाचे तीन ठोकळे ठेवा म्हणजे वायर बाजूने बाहेर काढता येते, दगडाखाली चेपत नाही. पाइपच्या वरच्या टोकाला होल्डर आला की झालं. असा दिवा मांजराने धडक दिली तरी जागचा हलत नाही. एवढा मोठा पितळी पाइप कशाला उघडा दिसू द्यायचा, असं वाटलं तर त्यावर माणग्याचं पेर चढवा. माणगा बराचसा भरीव असतो, आत भोक करावं लागतं. कळक आतून पोकळ, पण त्याला काटे. काटे तासायचा आळस असेल तर माणगाच बरा.

कप्पीचा दिवा भिंतीवर किंवा तुळईला टांगता येतो. तिथे एकच चूक सगळे करतात: वायरच कप्पीवरून घेतात आणि दिव्याचं वजन वायरीवर टाकतात. वजन सुंभाने उचलायचं, वायर त्याच्या सोबतीने सैल चालली पाहिजे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्याला तो जाळायचाच नाहीये, तेव्हा त्याच्या जवळपास जुना पिवळा बल्ब नको. ४० वॅटचा साधा बल्बसुद्धा हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि सुंभ, झाप, जुनं जाळं ही सगळी पेट घेणारी माणसं. एलईडीच लावा.

गॅसबत्ती मिळाली तर मोह होतोच. दशावतार रात्र-रात्र त्या उजेडात पाहिलेल्या पिढीचा मी. पण तिच्या टाकीत रॉकेलची वाफ वर्षानुवर्षं राहते. आत साबणाचं पाणी भरून चार-पाच वेळा खळबळा, टोपण उघडं ठेवून आठवडाभर उन्हात ठेवा, आणि तरीही त्या टाकीवर ड्रिल किंवा डाग देण्याचं, म्हणजे तापवून सांधण्याचं काम करू नका. वरचा बर्नर काढून त्याच जागी होल्डर बसतो, टाकीला हात लावायची गरजच नाही. जुनी जाळी म्हणजे मँटल आत अडकलं असेल तर ते हुंगू नका, फुंकू नका. पूर्वीच्या मँटलमध्ये थोरियम असायचं, ते किरणोत्सारी. ओल्या फडक्याने उचलून पिशवीत बांधून टाका.

दोन गोष्टी मी घेत नाही. एक, कोणाच्या देवघरातली समई. त्यात वात जळतेय तोवर ती दिवाच आहे, तिला माझी गरज नाही. दुसरी, रापणीच्या जाळ्यात येणारे ते पंख्यासारखे जांभळे-पिवळे समुद्रपंखे आणि प्रवाळ. दिव्यामागे ठेवले की सुरेख दिसतात हे खरं, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, ते काही शोभेसाठी केलेलं नाही. आणि जाता जाता: वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती पुरावशेष धरली जाते आणि स्वतःच्या बॅगेतून देशाबाहेर नेता येत नाही. माझ्या पुतण्याला दुबईला आजीचा लामणदिवा न्यायचा होता. तो अजून आमच्या ओटीवर आहे.

आता घासणं. आमच्याकडे परसात बिंबलीचं झाड असतंच. पिकलेली बिंबलं चुरगाळून त्यात चिमूटभर मीठ आणि राख घालून पितळ घासा, चिंचेपेक्षा लवकर उजळतं. पण घासायचं कुठे आणि किती, हे आधी ठरवा. मी भांड्याचं बाहेरचं अंग जवळजवळ घासतच नाही. पन्नास वर्षांचा तपकिरी रंग एका दुपारी घालवायला काय लागतं? परत आणायला पन्नास वर्षं लागतात. आतलं अंग मात्र आरशासारखं करतो, कारण उजेड तिथून परतणार आहे. आत कल्हई असेल तर उजेड पांढरा येतो, नुसतं पितळ असेल तर सोनेरी. मला सोनेरी आवडतो, म्हणून कल्हईची तपेली मी दिव्याला वापरत नाही.

बिंबलाचा आंबटपणा आणि मीठ पितळेवर राहू देऊ नका. दोनदा गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने टिपा आणि उन्हात ठेवा. नाहीतर आठ दिवसांत सांध्यांत हिरवी पूड दिसते. इथल्या हवेतच मीठ, त्यात आपण आणखी घालायचं नाही. बाहेरून मधमाशीचं मेण थोड्या खोबरेलात पातळ करून चोळतो. लॅकर मारत नाही, कारण त्याला ओरखडा गेला की ओल आत शिरते आणि खाली डाग पसरतात, मग सगळा थर खरवडून काढावा लागतो. मेण काय, पुढच्या वर्षी पुन्हा चोळायचं.

समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड आणाल तर ते लगेच वापरू नका. पिंपात गोड्या पाण्यात बुडवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, महिनाभर. पाण्याला खारट चव येईनाशी झाली की बाहेर काढा. हे केलं नाही तर लाकडातलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं, लाकूड घामेजतं आणि स्क्रू गंजतात. सावलीत वाळवा. काजूच्या टरफलाचं तेल वाळवीला चांगलं, पण ते कातडीला लागलं की फोड येतात. शोभेच्या वस्तूला कशाला हवं? जवसाचं तेल लावा. मात्र तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेला बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

तर वायर. माझा पहिला दिवा गळक्या कळशीचा होता. तिचं बूड आधीच गेलेलं, त्यामुळे मानेला भोक पाडायला काही वाटलं नाही. पितळेत बिट शिरताना अचानक धरतं आणि भांडं गरकन फिरतं, म्हणून आत लाकडाचा ठोकळा घालून शिकंज्यात पकडायचं, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग मोठं, आणि ड्रिल हळू. हे सगळं मी नीट केलं. भोकाची कड कानशीने घासायची राहिली, आणि घरात होती ती दोन तारांची वायर तशीच ओढून घेतली. आषाढात एका संध्याकाळी सुनेने ओल्या हाताने कळशी सरकवली आणि "बाबा, झिणझिण्या येतायत" म्हणाली. उघडून बघितलं. भोकाच्या धारेने इन्सुलेशन कापलं होतं आणि तांब्याचा केसाएवढा तंतू पितळेला टेकला होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मोटरींना अर्थिंग देणारा मी, आणि स्वतःच्या घरात हे. ती कळशी आजही दुकानात टांगलेली आहे, वायर काढून.

त्यामुळे हे चार मुद्दे माझ्याकडून सक्तीचे समजा. धातूचा दिवा असेल तर वायर तीन तारांचीच, ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक, आणि तीन पिनांचा टॉप, म्हणजे प्लग. धातूच्या प्रत्येक भोकाला कानस, आणि वर रबरी बुश. स्विच फेजच्या तारेवर. जुन्या वायरीत फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी असते. नव्या वायरीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी. आणि होल्डर चुडीचा असेल तर फेज आतल्या टोकाच्या पत्तीला, बाजूच्या चुडीला नाही. नाहीतर बल्ब फिरवताना बोट फेजला लागतं.

ज्यांना हे वाचून घाम फुटला त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही: १२ व्होल्टची एलईडी आणि चांगल्या कंपनीचा ॲडॅप्टर. २३० व्होल्ट भिंतीवरच थांबतात, भांड्यापर्यंत येतच नाहीत. लहान पोरं असलेल्या घरात मी स्वतः हाच देतो.

आता घंगाळ. ९ इंचांची लाकडी चकती कापली, घंगाळाच्या बुडात सैल बसेल अशी. खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे पितळेला ओरखडा नाही आणि चकती सरकत नाही. चकतीवर मधोमध होल्डर, पितळी स्क्रूने. पितळ जवळ असताना लोखंडी स्क्रू वापरला की खाऱ्या हवेत लोखंडाचाच बळी जातो, पहिल्या पावसातच. होल्डरमधून वायर चकतीच्या कडेच्या खाचेतून वर येते, काठावरून मागच्या बाजूला जाते आणि कडीला सुंभाने बांधलेली असते. काठाला जिथे वायर टेकते तिथे ट्यूबचा तुकडा दुमडून घातलाय. मागून बघितलं तर वायर दिसते. दिसू दे.

अडचण अर्थची होती. भोक नाही, तर अर्थची तार अंगाला लावायची कुठे? पहिल्यांदा कडीला गुंडाळली आणि मीटर लावला, तर आकडा नाचत होता. कडी कानात सैल फिरते, मधे वर्षांचा मळ, वीज कधी जाते कधी नाही. कान मात्र रिबेटने अंगाला घट्ट ठोकलेला आहे. म्हणून कानाभोवती पितळेची छोटी पट्टी वळवली, पट्टीखालची जागा कानशीने चकचकीत केली आणि नट-बोल्टने अर्थचा थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची भोकाची पत्ती, तिथे आवळला. टॉपच्या मोठ्या पिनेपासून घंगाळाच्या दुसऱ्या टोकाच्या काठापर्यंत मीटरने मोजलं. एक ओहमच्या आत आकडा स्थिर राहिला तेव्हाच पुढे गेलो. नंतर बल्ब काढून ठेवला, फेज-न्यूट्रल एकत्र पिळून त्यांच्यात आणि घंगाळात ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, फिरवला. मेगर प्रत्येकाकडे नसतो, तुमच्या गावच्या मोटरवाल्याकडे असतो. चहा पाजा, तो करून देईल. एक मेगओहमच्या खाली आलं तर दिवा परत उघडायचा. आणि घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर दिव्याआधी तिचा खर्च करा.

बल्ब ५ वॅटचा, २७०० केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा घेतला. पांढरा उजेड पितळेवर पडला की ते ट्रेच्या पत्र्यासारखं दिसतं. घंगाळाच्या तोंडावर लग्नाच्या स्वयंपाकातली मोठी रोवळी, म्हणजे तांदूळ धुवायची बांबूची टोपली, पालथी घातली. तिची वीण उघडी असल्याने आत हवा खेळते. एलईडीला बंद डब्यात कोंडलं की तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारं आतलं सर्किट, तापून लवकर मरतो, म्हणून वर काच किंवा ताट झाकू नका. पहिल्या रात्री दिवे घालवून हा एकटा लावला, तर छतावर रोवळीच्या विणीची जाळी पडली होती, मधे दाट, कडेला विरळ. पण अंधुक. रेषा पुसल्यासारख्या.

याचं कारण मला पिंगुळीत कळलं. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आणि चित्रकथी सांभाळून आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पडद्यामागे उजेड कुठे ठेवला आहे, त्यावर बाहुलीच्या नाकाची धार अवलंबून. उजेडाचा ठिपका लहान असला की सावली धारदार, मोठा पसरट असला की ती विरघळते. माझा बल्ब दुधी काचेचा होता, म्हणजे आंब्याएवढा उजेड. तो काढून साध्या काचेचा, आतल्या बारीक पट्ट्या दिसणारा लावला आणि रेषा लगेच उमटल्या. तेव्हा रोवळी, जाळी, भोकं पाडलेली करवंटी असं काही वर घालणार असाल तर बल्ब पारदर्शक काचेचा घ्या. नुसता मऊ उजेड हवा असेल तर दुधी.

करवंटीबद्दल थोडक्यात. आत गोटा झालेल्या नारळाची घ्या, ओल्या नारळाची वाळताना तडकते. बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडा, मग फुटक्या काचेच्या तुकड्याने तासा. पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ४०० असा चढत्या क्रमाने. पेन्सिलने आधी नक्षी काढा आणि २ ते ४ मिलिमीटरची बिटं वापरा. दोन भोकांत निदान भोकाएवढं अंतर सोडा, नाहीतर मधली भिंत तुटते. शेवटी बोटाने खोबरेल. माझ्या पहिल्या सहा करवंट्यांपैकी चार फुटल्या. करवंट्या फुकट असतात.

पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, पाण्यात अर्धा तास भिजवली की मऊ पडते, टोपावर ताणून बांधून सावलीत वाळवली की तोच आकार धरते. तिच्यातून उजेड फारसा आरपार येत नाही, कडेने सांडतो. भिंतीवरच्या दिव्याला ती झकास. पण जुलैत तिच्यावर बुरशी येणारच. वाळल्यावर टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्याचा हात द्या, बांबूलाही तोच, भुंगा लागत नाही. एवढं करूनही पावसात रोज तासभर दिवा लावा. त्या थोड्याशा उबेने ओल निघते. मी मोटरींनाही हेच करतो, बंद मोटर पावसात बल्बजवळ ठेवतो.

गेल्या नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आई दिव्यासमोर येऊन उभी राहिली. नातवाला पहाटे घंगाळातल्या पाण्याने आंघोळ घालायची होती. टॉप काढला, रोवळी उचलली, सुंभाची गाठ सोडली, पट्टीचा बोल्ट ढिला केला, चकती होल्डरसकट बाहेर. चहा निवला नव्हता. पहाटे उटण्याचा वास आणि घंगाळातून वाफ, आणि पोराचं रडणं सगळ्या वाडीभर.

भाऊबीजेला दुपारी परत जोडायला बसलो. आई तांदूळ निवडत होती. पट्टी आवळून होईस्तोवर काही बोलली नाही. मग सुपातून मान वर न करता म्हणाली, "अर्थिंग बघलंस मां?"